ऑटोमॅटिक की सेमी-ऑटोमॅटिक, रायफल ओळखायची कशी?

बातमीत काळी, लांब मॅगझिनवाली रायफल दिसली की लोक लगेच मशीनगन म्हणून मोकळे होतात. दिसण्यावर जाऊच नका. ट्रिगर एकदा दाबून धरला तर किती गोळ्या सुटतात एवढंच आधी बघायचं. एकच सुटली आणि पुढच्या गोळीसाठी बोट सोडून परत दाबावं लागलं तर सेमी, बोट दाबलेलं असेपर्यंत किंवा मॅगझिन संपेपर्यंत सुटतच राहिल्या तर ऑटोमॅटिक.

आतलं काम दोन्हीत बरंचसं सारखंच, म्हणून तर गोंधळ होतो. एआर-15 सारख्या रायफलीत गोळी सुटताना तयार झालेला गॅस बोल्टला (चेंबरचं, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या भागाला) मागं ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते, स्प्रिंग बोल्टला पुढं आणते आणि येता येता नवं काडतूस चेंबरमध्ये बसतं, हे सगळं आपोआपच, पण सेमीमध्ये बोट सुटेपर्यंत हॅमर (ज्याच्या आपटण्याने गोळी सुटते तो) अडवून धरलेला असतो आणि ऑटोमॅटिकमध्ये बोल्ट बंद झाला की तो परत आपटतो. फरक एवढाच! आणि हो, एआर म्हणजे असॉल्ट रायफल नाही, आर्मालाइट कंपनीच्या नावातून आलंय ते.

मग सिलेक्टर बघा, म्हणजे फायरचा प्रकार निवडायचं बटण. साध्या एआर-15 वर सेफ आणि फायर, अमेरिकन लष्कराच्या एम4ए1 वर सेफ, सेमी, ऑटो. लष्कराच्याच एम16ए2 वर ऑटोच्या जागी बर्स्ट आहे, म्हणजे एका दाबात तीन गोळ्या, पण अमेरिकन कायद्यात तीही मशीनगनच, कारण तिथली व्याख्या म्हणते ट्रिगरच्या एका क्रियेत आपोआप एकापेक्षा जास्त गोळ्या. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्यातही बंदी असलेल्या ऑटोमॅटिक बंदुकांची व्याख्या ट्रिगरच्या दाबावरूनच केलीय.

अमेरिकेत 1934 पासून मशीनगनला नोंदणी आणि 200 डॉलर टॅक्स आहे, आणि 19 मे 1986 नंतरची नवी मशीनगन सामान्य माणसाला घेताच येत नाही. 'असॉल्ट वेपन' हा शब्द मात्र वेगळा धरा, 1994 ते 2004 मध्ये अमेरिकेत त्या नावाने असलेली बंदी सेमी बंदुकांवरच होती, काही नावं घेऊन आणि बाकी पिस्तूल ग्रिप वगैरे बघून.

बंप स्टॉकचं, म्हणजे बंदुकीला मागं लावायच्या सरकत्या दस्त्याचं प्रकरण सगळ्यात किचकट. त्यात बंदुकीच्या धक्क्याने ट्रिगर बोटावर भराभर आपटतो, ऐकायला ऑटोमॅटिकच वाटतं, 2017 च्या लास वेगास गोळीबारानंतर अमेरिकन सरकारने त्याला मशीनगन ठरवलं, पण 2024 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने 6-3 ने सांगितलं की ट्रिगर दर गोळीला वेगळा दबतोय, म्हणजे मशीनगन नाही. तिथल्या काही राज्यांत मात्र बंप स्टॉकवर त्यांची स्वतःची बंदी आहेच.