एसी लावला की गाडी मान टाकते: गॅरेजात नव्यानं आलेल्या पोरांसाठी

मार्च उजाडला की कोल्हापुरात आमच्या उद्यमनगरात एक तक्रार ठरलेली. गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आधीच काचेतून सांगतं, "मिस्त्री, एसी लावला की गाडी मान टाकत्या बघा. कंप्रेसर गेला काय?" गाडी काय करते तेवढं ऐकून घ्यायचं, काय गेलंय ते आपण ठरवायचं. हे मला कळायला एक अख्खा उन्हाळा आणि थोडा पगार गेला.

कळंब्याच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकची दोन वर्षं करून मी गॅरेजला लागलो, तेव्हा डोक्यात एकच गणित होतं: एसीची तक्रार म्हणजे एसीचा दोष. मे महिन्यात एक टॅक्सी आली. एसी बंद असला की गाडी झकास. एसी लावून सिग्नलला थांबली की आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) खाली जायचा, गाडी थरथरायची आणि कधीकधी बंद पडायची. थंडावाही कमी होता. मी प्रेशर मोजायचा गेज न लावताच ठरवलं, गॅस कमी आहे, आणि अंदाजानं गॅस सोडला. गाडी आणखी वाईट झाली. आता जागेवरच बंद पडायला लागली.

उस्ताद चहा घेऊन आले. बॉनेटकडं बघितलंच नाही. ड्रायव्हरला विचारलं, "हायवेला कसं असतंय?"

"हायवेला एक नंबर, मिस्त्री. गार बी पडतंय."

उस्तादांनी एसी लावायला सांगितला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "पंखा फिरतोय का बघितलास?" पंखा फिरतच नव्हता. मोटरचे कार्बन ब्रश संपले होते. हायवेला वाऱ्यानं कंडेन्सर (गाडीच्या तोंडाशी असलेली, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) थंड होत होता. उभ्या गाडीत उष्णता बाहेर पडत नव्हती, गॅसचं प्रेशर चढत होतं आणि तेवढं प्रेशर ढकलायला कंप्रेसर इंजिनाचा जीव घेत होता. त्यात मी गॅस जास्त भरून आगीत तेल ओतलं होतं. मोटर बदलली, सगळा गॅस मशीननं काढून वजन करून पुन्हा भरला. गॅसचे पैसे माझ्या पगारातून गेले. बऱ्याच गाड्यांत बॉनेटखाली स्टिकरवर गॅस किती ग्रॅम ते छापलेलं असतं. तेवढाच भरायचा.

तेव्हापासून माझी पहिली पायरी म्हणजे प्रश्न. उभ्या गाडीत होतंय की चालत्या? गार इंजिनात की गरम? बॅटरी नुकतीच काढली होती का? थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) कुणी धुतली होती का? शेवटच्या प्रश्नावर गिऱ्हाईक जरा घुटमळलं तर समजून जा, गाडी आणखी एका गॅरेजला जाऊन आलीय.

दुसरी पायरी कुणी शिकवत नाही, पण फुकटची आहे. एसी बंद ठेवा, इंजिन गरम होऊ द्या. पेट्रोल गाडीचा आयडल (पाय काढल्यावर उभ्या गाडीत इंजिन फिरतं तो वेग) साधारण 700 ते 850 आरपीएमला स्थिर असायला हवा. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावा, स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा. तेवढ्यानंही गाडी थरथरली तर एसीला हात लावू नका. ओझं कुठलंही असो, इंजिन ते पेलत नाहीये. म्हणजे कार्बन साचलेली थ्रॉटल बॉडी, झिजलेले प्लग, फाटलेला व्हॅक्यूम पाइप नाहीतर थकलेला अल्टरनेटर. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त गाड्या इथंच सापडतात.

आता खरी गंमत. एसीचं बटण दाबल्यावर ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) निरोप जातो. तो आधी आयडल व्हॉल्व्ह किंवा थ्रॉटल किंचित उघडून हवा वाढवतो, मग कंप्रेसर इंजिनाला जोडणारा क्लच लावतो. बॉनेट उघडून कान द्या: इंजिनाचा आवाज जरा भरतो, मग "टक" होतं, आरपीएमची सुई क्षणभर हलते आणि जागेवर येते. कुठल्या गाडीत आरपीएम 50 नं वाढतो, कुठल्या 150 नं, काही गाड्यांत होता तेवढाच राहतो. "टक" झाल्यावर सुई खाली पडली आणि तिथंच रेंगाळली, तर हवा वाढलेलीच नाही. (नव्या काही कंप्रेसरना हा क्लचच नसतो, तिथं कान लावून बसलात तर दिवस मावळेल.)

अशा वेळी स्कॅनर लावून तीन आकडे बघा: ईसीयूला हवा असलेला आरपीएम, प्रत्यक्षातला आरपीएम आणि एसीचा निरोप पोचला की नाही. निरोपच पोचला नसेल तर वायरिंग किंवा स्विचकडं जा. निरोप पोचलाय, मागणी वाढलीय, पण इंजिन तिथवर जात नाही, तर थ्रॉटल बॉडी उघडा. हवा अडवणाऱ्या आतल्या पाकळीच्या कडेला काळा चिकट थर असतो, बोटाला काजळासारखा लागतो. उघडी थ्रॉटल तेवढ्यानं अडत नाही, पण आयडलला सगळी हवा त्या केसाएवढ्या फटीतूनच जाते.

धुताना एक सांभाळा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी इग्निशन चालू असताना बोटानं ढकलू नका. आतले प्लॅस्टिकचे दाते तुटतात, आणि बोट सापडलं तर तेही जातं. धुतल्यावर आयडल पुन्हा शिकवावा लागतो, काही गाड्यांत स्कॅनरनं, काहींत ठरलेल्या पद्धतीनं इग्निशन चालू-बंद करून. हे न केल्यानं धुतल्यावर आयडल 1500 ला नाचणारी गाडी मी स्वतः गिऱ्हाइकाच्या हातात दिलीय. त्या संध्याकाळचं बोलणं इथं लिहिण्यासारखं नाही.

एवढं सगळं ठीक निघालं तरच गेज लावा. आर-134ए गॅसला आयडलवर खालची (कमी प्रेशरची) बाजू साधारण 30 ते 45 पीएसआय, वरची (जास्त प्रेशरची) 180 ते 250. उन्हाळ्यात वरची आणखी थोडी चढते. वरची फारच जास्त असेल तर पंखा, कंडेन्सर किंवा जास्तीचा गॅस. आपल्याकडं ऊस वाहतुकीच्या दिवसांत ट्रॉल्यांमागून फिरलेल्या गाड्यांच्या कंडेन्सरात धूळ, किडे आणि पाचटाचा चुरा घट्ट बसतो. साध्या पाण्यानं धुवा. प्रेशर वॉशरनं पाती वाकतात.

प्रेशरही बरोबर आहे? मग इंजिन बंद करून कंप्रेसरचा क्लच हातानं फिरवून बघा, तो जड किंवा खरखरीत लागला तरच कंप्रेसरचं नाव घ्या. आरपीएम स्थिर असून नुसती केबिन थरथरत असेल तर इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ती रबरं) बघा. डिझेल गाडीत ओझ्याची भरपाई इंजेक्टर डिझेल वाढवून करतात, तिथला तपास वेगळा. आणि इंजिन बंद झालं तरी पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, हात जपा.

टेस्टला गाडी काढली की रंकाळ्याची हवा खात फिरू नका. दुपारी बाराला ताराराणी चौकाच्या सिग्नलला, एसी फुल करून, दोन फेऱ्या मारा.