ओबामाकेअरची सबसिडी बदलली: अमेरिकेतील कर सल्लागारांनी तयारी कशी करावी

अमेरिकेत ओबामाकेअर कायद्याखाली आरोग्य विम्याच्या प्रीमियमसाठी उत्पन्नाच्या अंदाजावर दरमहा आगाऊ सबसिडी मिळते; तिचा हिशेब आतापर्यंत फेब्रुवारीत उरकायचा. क्लायंट फॉर्म १०९५-ए (विमा आणि सबसिडीचं वार्षिक विवरण) आणून द्यायचा, सल्लागार ८९६२ (सबसिडीच्या हिशेबाचा फॉर्म) भरायचा, थोडेफार पैसे परत जायचे आणि विषय संपायचा. २०२६ या करवर्षापासून एवढ्याने भागत नाही. वाढीव सबसिडीची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, त्यामुळे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांवर गेलं की सबसिडी पूर्ण बंद, हा जुना नियम परत आला. शिवाय ४ जुलै २०२५ च्या कायद्याने जादा घेतलेली सबसिडी फेडण्यावरची कमाल मर्यादाच काढून टाकली. २०२५ च्या रिटर्नपर्यंत ४०० टक्क्यांच्या आतल्या जोडप्याला फार तर ३,२५० डॉलर परत करावे लागत. आता जेवढी जादा उचलली तेवढी सगळी परत.

म्हणून खरं काम वर्ष चालू असतानाच करायचं आहे. १०९५-ए हातात पडेपर्यंत बरेचसे उपाय हातातून गेलेले असतात.

पहिली पायरी: कोणाला फोन करायचा ते ठरवा

सॉफ्टवेअरमध्ये मागच्या वर्षी ८९६२ जोडलेली रिटर्न गाळून काढा. त्यात पासष्टीच्या आत निवृत्त झालेले, नोकरी सोडून धंदा सुरू केलेले, सव्वीस वर्षं पूर्ण होऊन पालकांच्या विम्यातून बाहेर पडलेली मुलं आणि ग्रीन कार्डवर आलेले आई-वडील ही नावं घाला.

प्रत्येक नावापुढे ४०० टक्क्यांचा आकडा लिहा. २०२६ च्या विम्यासाठी २०२५ ची दारिद्र्यरेषा धरतात: एका माणसाला १५,६५० डॉलर आणि पुढच्या प्रत्येकामागे ५,५०० (अलास्का आणि हवाईचे आकडे वेगळे). म्हणजे एकट्यासाठी मर्यादा ६२,६००, दोघांसाठी ८४,६००, चौघांसाठी १,२८,६००. इथे दोन चुका हमखास होतात. एक, त्याच वर्षाची नवी दारिद्र्यरेषा धरली जाते. दुसरी, घरात राहणारी किंवा पॉलिसीवर असलेली माणसं मोजली जातात. मोजायची ती रिटर्नवरची माणसं.

दुसरी पायरी: जुलैत आणि ऑक्टोबरअखेर उत्पन्न पुन्हा मांडा

इथलं उत्पन्न म्हणजे एजीआय (रिटर्नवरचं समायोजित एकूण उत्पन्न) अधिक करमुक्त व्याज, सोशल सिक्युरिटीचा (सरकारी पेन्शनचा) करमुक्त भाग आणि वगळलेलं परदेशी उत्पन्न. म्युनिसिपल बाँडचं व्याज करात धरायचं नसतं म्हणून क्लायंट ते सांगतच नाहीत.

समजा, बासष्ट वर्षांचं जोडपं आहे आणि त्यांच्या भागातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त सिल्व्हर (मधल्या दर्जाच्या) प्लॅनचा दोघांचा प्रीमियम वर्षाला २४,००० डॉलर आहे; सबसिडी याच प्रीमियमवरून ठरते. उत्पन्न ८४,६०० असेल तर त्यांचा वाटा ९.९६ टक्के, म्हणजे सुमारे ८,४२६. उरलेले १५,५७४ सबसिडी. उत्पन्न ८५,००० झालं तर सबसिडी शून्य, आणि दरमहा आगाऊ गेलेले सगळे पैसे शेड्यूल २ (रिटर्नला जोडायचं जादा करांचं पान) वर कर म्हणून उभे राहतात. चारशे डॉलरच्या लाभांशापायी पंधरा हजारांचा फटका. २०२५ मध्ये त्याच जोडप्याला त्या प्लॅनसाठी उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांपेक्षा जास्त भरावं लागत नव्हतं, त्यामुळे हा कडेलोट क्लायंटच्या ध्यानीमनीही नसतो.

उत्पन्न सीमेजवळ असेल तर रॉथ रूपांतर (निवृत्तीचे पैसे कर भरून रॉथ खात्यात नेणं) आणि शेअरची विक्री जानेवारीवर ढकलता येते का ते पाहा. वर्ष संपल्यावरही दोन दारं उघडी राहतात: ट्रॅडिशनल आयआरए (निवृत्तीचं खातं) आणि एचएसए (आरोग्य खर्चाचं बचत खातं). दोन्हींत १५ एप्रिलपर्यंत पैसे भरून मागच्या वर्षाचं उत्पन्न उतरवता येतं. २०२६ पासून मार्केटप्लेसवरचे (ओबामाकेअरच्या सरकारी विमा-बाजारातले) ब्रॉन्झ, म्हणजे कमी प्रीमियमचे, प्लॅनही एचएसएसाठी चालतात, हा नव्या कायद्यातला खरा उपयोगी बदल आहे. एचएसएत कुटुंबाची मर्यादा ८,७५०, आणि पंचावन्नच्या पुढच्या प्रत्येकाला आपापल्या खात्यात आणखी १,०००. म्हणजे वरच्या जोडप्याचं उत्पन्न ९२,००० असलं तरी वर्षभर ब्रॉन्झ असेल तर १०,७५० भरून ते ८१,२५० वर येतं. मात्र प्लॅन आधी निवडलेला हवा. सिल्व्हर घेऊन एप्रिलमध्ये एचएसए आठवला तर उपयोग नाही. हा सल्ला म्हणून नोंदणीच्या काळातच, नोव्हेंबरमध्ये द्यायचा.

अंदाज बदलला की क्लायंटला मार्केटप्लेसच्या खात्यात उत्पन्न दुरुस्त करायला लावा आणि त्या पानाची प्रत फाइलला ठेवा.

ग्रीन कार्डवरचे आई-वडील

मराठी घरांत सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. नव्याने ग्रीन कार्ड मिळालेल्यांना पहिली पाच वर्षं सहसा मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) मिळत नाही. म्हणून उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली असलं तरी त्यांना सबसिडी देण्याची खास सोय होती. ती २०२६ पासून गेली. आई-वडिलांच्या स्वतःच्या एकत्रित रिटर्नवर उत्पन्न २१,१५० च्या खाली असेल तर सबसिडी नाही, ८४,६०० च्या वर असेल तरी नाही.

भारतातलं पेन्शन, भाडं, एनआरओ तसंच एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) ठेवींचं व्याज, सगळं अमेरिकी रिटर्नवर येतं. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असल्यामुळे ते हटकून राहून जातं. बँकेचं व्याज प्रमाणपत्र एप्रिल ते मार्चचं असतं; तुम्हाला जानेवारी ते डिसेंबरचं खाते-विवरण लागेल, ते आधीच मागवा. कोथरूडचा फ्लॅट विकायचा बेत असेल तर कोणत्या वर्षी, हेही विचारून घ्या. तो नफाही याच उत्पन्नात येतो.

आई-वडील मुलाचे डिपेंडंट (त्याच्या रिटर्नवर अवलंबून दाखवलेले) ठरत असतील तर गणित निराळं. मग सबसिडी मुलाच्या रिटर्नवर, मुलाच्या घराच्या उत्पन्नावर ठरते. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि हे दोघे अशा सहा जणांची मर्यादा १,७२,६००. दोन पगारांच्या घरात ती सहज ओलांडली जाते. डिपेंडंट कोण हे कायद्याच्या कसोट्यांवर ठरतं, सोयीवर नाही, आणि मार्केटप्लेसच्या अर्जात जे लिहिलं तेच रिटर्नवर यायला हवं.

एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असून मार्केटप्लेसचा विमा घेणाऱ्या क्लायंटना आत्ताच कळवा: २०२७ पासून त्यांना ही सबसिडी मिळणार नाही. ग्रीन कार्डधारकांना मिळत राहील.

फॉर्म भरताना

१०९५-ए चा स्तंभ ए म्हणजे प्रीमियम, बी म्हणजे मानक (वर सांगितलेल्या दुसऱ्या स्वस्त) सिल्व्हर प्लॅनचा प्रीमियम, सी म्हणजे आगाऊ सबसिडी. बी रिकामा किंवा शून्य दिसला तर तसाच उतरवू नका. आगाऊ सबसिडी घेतली नसेल किंवा मूल जन्मल्याचं, घर बदलल्याचं कळवलं नसेल तर तो चुकतो. मार्केटप्लेसच्या साइटवर महिन्यानुसार योग्य रक्कम शोधायची सोय आहे.

आगाऊ सबसिडी घेतलेल्याचं ८९६२ शिवाय ई-फाइल केलेलं रिटर्न एफ८९६२-०७० या कोडने परत येतं, कारण १०९५-ए आयआरएसकडे (केंद्राच्या कर खात्याकडे) आधीच पोचलेला असतो. विवाहित असून वेगळं रिटर्न भरणाऱ्यांना, छळ किंवा परित्यागाचे अपवाद सोडले तर, सबसिडी नाही. स्वतःचा धंदा असलेल्यांच्या बाबतीत विम्याची वजावट सबसिडीवर आणि सबसिडी वजावटीवर अवलंबून असते. आयआरएसच्या प्रकाशन ९७४ मधल्या पद्धतीने आकडे स्थिरावेपर्यंत गणित फिरवावं लागतं. सॉफ्टवेअर ते करतं, पण धंद्याला जोडलेला प्रीमियम कोणता हे तुम्हीच सांगावं लागतं.

केंद्राचा विमा नसल्याचा दंड २०१९ पासून शून्य आहे. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि वॉशिंग्टन डीसीचा दंड मात्र चालू आहे. एडिसनहून टेक्सासला गेलेल्या क्लायंटचे न्यू जर्सीतले महिने वेगळे तपासा.

पन्नास किंवा अधिक पूर्णवेळ-समतुल्य कर्मचारी असलेल्या मालकांसाठी २०२६ ची परवडण्याची मर्यादाही ९.९६ टक्केच आहे. विमा देऊच केला नाही तर वर्षाला माणशी ३,३४० डॉलर दंड, त्यात पहिले तीस कर्मचारी वगळून.

आणि रिटर्न तयार करायचं काम पुण्याला पाठवत असाल तर करदात्याची माहिती जपण्याच्या कलम ७२१६ प्रमाणे क्लायंटची लेखी, तारखेसह संमती कागद पाठवण्याआधी घ्या. १०९५-ए वर घरातल्या सगळ्यांची नावं आणि अनेकदा सोशल सिक्युरिटी नंबर असतात. स्कॅन करण्याआधी ते नंबर झाका.