टेबल सॉवर सागवान कापताय? या चुका टाळा

टिंबर मार्केटमधून पारखून सागवान आणायचं आणि पहिल्याच दिवशी त्याच्या कडा जाळून ठेवायच्या, हे बघून जीव तुटतो. वर दोष टेबल सॉला, म्हणजे मेजातून वर आलेल्या गोल पात्याच्या करवत-मशीनला: "पोर्टेबल आहे, फिनिशिंग कुठनं येणार?" येतं. आधी तासभर मशीन लावून घ्यायची तयारी पाहिजे.

सगळ्यात जास्त घोळ फेन्सचा, म्हणजे ज्याला टेकवून लाकूड पात्याकडं ढकलतात त्या सरकत्या आधाराचा. छोट्या मशीनवर कित्येकदा फेन्स पुढं आवळला की मागचं टोक सरकतं. पट्टीवरचा आकडा बघून लोक थेट कापायला लागतात. मागचं टोक पात्याकडं झुकलं असेल तर लाकूड मागच्या दातांवर दाबलं जातं आणि कड काळी पडते. मी फेन्स हलवला की दर वेळी प्लग काढून माप घेतो. पात्याच्या एकाच दातापासून फेन्सपर्यंत मोजायचं, आधी तो दात पुढं असताना, मग पातं हातानं फिरवून तोच दात मागं आणल्यावर. मागं केसभर जास्त चालेल, कमी अजिबात नाही.

दुसरी चूक जिवावरची: रायविंग नाइफ, म्हणजे पात्यामागची उभी पट्टी, काढून ठेवणं. उचगावच्या एका पोरानं "मध्ये येतोय" म्हणून तो काढून टाकला. कपाटाच्या चौकटीसाठी सागाची फळी उभी चिरत होता. निम्मी फळी पुढं गेली, लाकडातला ताण सुटला आणि चीर मागून मिटली. पात्यानं फळी उचलून उलटी भिरकावली. तो पात्याच्या रेषेत नव्हता म्हणून वाचला. मागच्या शटरला हा एवढा पोचा! तरी म्हणतो, "फळीच वाकडी होती." असली घाई मला खपत नाही. पात्यामागची ती पट्टी चीर उघडी धरते, तेच तिचं काम. आरपार न जाणारी खाच मारायची असली तरी बहुतेक मशीनवर ती पात्याच्या टोकाखाली उतरवता येते, काढावी लागत नाही.

बाकीचं थोडक्यात. दहा इंची पात्यात उभ्या चिरेला 24 दाती, आडव्या कापाला आणि प्लायला 60 दाती. पातं काटकोनात आहे का, यासाठी मशीनवरच्या 90 अंशाच्या खुणेवर विसंबू नका. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) पात्याच्या सपाट अंगाला लावा, दाताला नको. हातमोजे घालू नका. अरुंद पट्टी ढकलायला पुश स्टिकच घ्या.

आणि मशीनवर अखेरच्या मापाला कापू नका. अर्धा मिलिमीटर जादा ठेवून रंधा मारा. सॉची कड तशीच चालते म्हणणाऱ्यांनी पॉलिशचा पहिला हात बसल्यावर उजेडात बघावं, दातांच्या रेघा एकूण एक दिसतात.