नेट सारखं जातंय? फोन लावण्याआधी बेसमेंटमध्ये डोकवा

पुण्यात नेट गेलं की केबलवाल्याला फोन करायचा, "दादा, लाइन गेलीय" म्हणायचं, आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी शिडी घेऊन दारात उभा. न्यू जर्सीत असा दादा नसतो. अपॉइंटमेंट मिळते ती दोन-चार दिवसांनंतरची, तीही "८ ते १२ च्या दरम्यान", म्हणजे तेवढा वेळ घर सोडायचं नाही. आणि नेमका तो माणूस येतो तेव्हा नेट झकास चालू असतं. तो मोडेमला (केबलच्या लाइनवरून नेट घेणाऱ्या डब्याला) मीटर लावतो, "सगळं ठीक आहे" म्हणतो आणि निघून जातो. म्हणून नव्याने आलेल्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं असतं: तक्रार नंतर, आधी पुरावा.

सुरुवातीला दोष वाय-फायचा की लाइनचा, एवढं ठरवून टाका. लॅपटॉप मोडेमला किंवा राउटरला थेट लॅनच्या वायरने जोडा आणि एक दिवस तसंच काम करा. नेट एकदाही गेलं नाही, तर दोष वाय-फायचा, कंपनीला बोलावण्यात अर्थ नाही. राउटर क्लोझेटमधून बाहेर काढा, उंचावर ठेवा आणि लॅपटॉप-फोन त्याच्या ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर जोडा. अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर दाटीवाटीने बसलेले असतात. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. एवढ्यावर बहुतेकांचं काम भागतं.

वायरनेही नेट जात असेल, तर खरी गंमत पुढे आहे.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाका (आकडे अर्थातच इंग्रजीत). बहुतेक केबल मोडेमचं स्वतःचं पान इथे उघडतं. काही कंपन्यांच्या भाड्याच्या मोडेममध्ये ते दुसऱ्या पत्त्यावर असतं, तो मोडेमच्या तळाला चिकटवलेला असतो. त्या पानावर तीन गोष्टी बघा. डाउनस्ट्रीम पॉवर, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या सिग्नलचा जोर, साधारण उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या (हा जोर मोजायचं एकक) आत हवी. एसएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे तो आकडा, ३३ डेसिबलच्या वर असावा. अपस्ट्रीम पॉवर, म्हणजे मोडेम कंपनीकडे पाठवतो त्या सिग्नलचा जोर, ३५ ते ४९ मध्ये असेल तर बरं. ती ५० च्या पुढे गेली, तर मोडेमला कंपनीपर्यंत पोचायला बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतंय असं समजा. मीटिंगमध्ये तुम्हाला सगळे नीट दिसतात, पण त्यांना तुमचा आवाज तुटक येतो, हे लक्षण बहुधा अपस्ट्रीमचंच. त्याच पानाच्या लॉगमध्ये (नोंदींच्या यादीत) टी३ आणि टी४ टाइमआउटच्या, म्हणजे कंपनीकडून वेळेत प्रतिसाद न आल्याच्या, ओळी भराभरा येत असतील, तर लाइनवर संशय घ्यायला पक्कं कारण मिळालं.

आणि या पानाचा फोटो मोडेम रीबूट करण्याआधी काढा. हेल्पलाइनवरचं पहिलं वाक्य "मोडेम बंद करून चालू करा" हेच असतं, आणि बंद केलात की त्या पानावर मोजलेले सिग्नलमधल्या चुकांचे आकडे शून्यावर येतात. म्हणजे तुमचा पुरावा तुमच्याच हाताने पुसला जातो.

आता बेसमेंट. इथल्या जुन्या टाउनहाऊसमध्ये प्रत्येक खोलीत टीव्हीसाठी केबल फिरवलेली असते, आणि ती सगळी बेसमेंटमधल्या किंवा युटिलिटी क्लोझेटमधल्या एका स्प्लिटरवर (एका वायरीचे अनेक फाटे करणाऱ्या छोट्या डबीवर) येऊन मिळते. एडिसनला माझ्या एका मित्राकडे चार तोंडांचा स्प्लिटर होता. मोडेम एका तोंडावर, उरलेल्या तीन वायरी रिकाम्या खोल्यांत जाऊन लोंबकळत होत्या. चार तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेवर सुमारे ७ डेसिबल खातो, येताना आणि जातानाही. वर त्या उघड्या टोकांतून बाहेरचा गोंगाट आत शिरतो. स्प्लिटरवर छापलं होतं "५-९०० मेगाहर्ट्झ", म्हणजे जुन्या टीव्हीच्या जमान्यातलं प्रकरण. आजचं केबल इंटरनेट १००२ मेगाहर्ट्झपर्यंत, कधी त्याच्याही वर जातं. स्प्लिटर काढला, बाहेरून येणारी वायर आणि मोडेमकडे जाणारी वायर एका छोट्या बॅरल कनेक्टरने सरळ जोडली. होम डेपोत तो किरकोळ पैशांत मिळतो. अपस्ट्रीम पॉवर लगेच खाली आली आणि नेटचं जाणंही थांबलं.

जाता जाता प्रत्येक कनेक्टर हाताने हलवून बघा. मधली तांब्याची तार हिरवट किंवा काळी पडली असेल, तर ते टोक बदलायला हवं. बोटांनी घट्ट केल्यावर ७/१६ इंची पान्याने हलकासा पीळ द्या, जास्त जोर नको. अॅमेझॉनवरचा "सिग्नल बूस्टर" मात्र घेऊ नका. खराब सिग्नल मोठा केला, तरी तो खराबच राहतो. भाड्याचं घर असेल, तर स्प्लिटरला हात लावण्याआधी घरमालकाला एक ईमेल टाका. घरातली वायरिंग बहुधा त्याची असते आणि दुरुस्तीचं बिल कोणाचं, यावरून नंतर वाद नको.

नेट कधी जातं, तेही टिपून ठेवा. पाऊस पडला की जात असेल, तर बाहेरच्या जोडात पाणी शिरतंय. रोज रात्री ८ ते ११ मध्ये रेंगाळतं आणि मोडेमचे आकडे मात्र ठणठणीत, तर गल्लीतले सगळे एकाच वेळी वापरताहेत. त्यावर तुमच्या घरात इलाज नाही आणि टेक्निशियनकडेही नाही.

हे सगळं हाताशी घेऊन फोन करा. फोनवर आकडे सांगा, तिकीट नंबर लिहून घ्या, आणि "दोष घरात निघाला तर व्हिजिटचे पैसे लागतील का" हे आधीच विचारा. दोन-तीन खेपांनंतरही कंपनीने हात वर केले, तर एफसीसीच्या (अमेरिकी सरकारच्या दूरसंचार नियामक आयोगाच्या) संकेतस्थळावर तक्रार करा. फी नाही, आणि कंपनीला ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. अशा तक्रारी सहसा वरच्या कर्मचाऱ्यांच्या टेबलावर जातात, त्यामुळे फोनचा सूरही बदलतो. व्हिसावर आहोत म्हणून पुष्कळ जण इथे कचरतात. बिलाच्या आणि नेटच्या तक्रारीचा व्हिसाशी काडीचा संबंध नाही.

पुढच्या वेळी घर बदलाल तेव्हा लीजवर सही करण्याआधी एफसीसीच्या ब्रॉडबँड नकाशावर तो पत्ता टाकून बघा. नकाशातली माहिती कंपन्यांनीच दिलेली असते, म्हणून त्या कॉम्प्लेक्समधल्या एखाद्या रहिवाशालाही विचारा. तिथे फायबर असेल, तर भाडं थोडं जास्त असलं तरी मी तेच घर घेईन.