सर्पेंटाइन बेल्टची झीज ओळखणे आणि बेल्ट स्वतः बदलणे

बॉनेट उघडायचे, बेल्टवर भेगा दिसतात का ते पाहायचे आणि दिसल्या नाहीत तर ‘अजून चालेल’ म्हणून बॉनेट बंद करायचे, ही तपासणीची पद्धत आता कालबाह्य झाली आहे, तरीही ती सर्रास सांगितली जाते. पूर्वीचे बेल्ट निओप्रीन रबराचे असत. ते वयानुसार कडक होत, तडकत आणि त्यांच्या भेगा मोजून उरलेल्या आयुष्याचा अंदाज बांधता येत असे. आज बहुतेक गाड्यांत ईपीडीएम या कृत्रिम रबराचे बेल्ट येतात आणि ते तडकण्याआधीच झिजून निकामी होतात. वरून काळाभोर आणि अखंड दिसणारा बेल्ट आतून संपलेला असू शकतो.

या बेल्टवर काय काय अवलंबून आहे ते आधी लक्षात घ्यावे. इंजिनाच्या क्रँक पुलीवरून (मुख्य फिरत्या दांड्यावरील चाकावरून) निघालेला हा एकच लांब बेल्ट बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असल्यास त्याचा पंप, आणि अनेक इंजिनांत वॉटर पंपही त्याच्यावरच चालतो. कोकणातून करूळ किंवा फोंडा घाट चढून कोल्हापूरकडे येताना तो तुटला, तर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो, एसी गार हवा देणे थांबवतो, हायड्रॉलिक स्टिअरिंग वळणावर एकदम जड होते आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर काही मिनिटांत इंजिन तापू लागते. अशा वेळी ‘वरच्या गावापर्यंत तरी जाऊ’ असा विचार करू नये. गाडी सुरक्षित जागी उभी करून इंजिन ताबडतोब बंद करावे, कारण इंजिनाच्या हेडखालचे सील, म्हणजे हेड गॅस्केट गेल्यास येणाऱ्या खर्चापुढे बेल्टची किंमत काहीच नसते.

टायमिंग बेल्ट हा वेगळा भाग आहे. तो दातेरी असतो, आवरणाच्या आत असतो आणि त्याला या लेखातील कोणतीही कृती लागू होत नाही.

झीज कशी ओळखावी

इंजिन बंद आणि थंड असताना टॉर्च घेऊन बेल्टची कंगोऱ्यांची, म्हणजे लांबीच्या दिशेने उभ्या रेघांसारखे उंचवटे असलेली बाजू पाहावी. नव्या बेल्टवर कंगोऱ्यांमधल्या खाचा अरुंद असतात. झीज होते तसतशा त्या रुंद आणि खोल होत जातात. बेल्टची पकड कंगोऱ्यांच्या दोन्ही उतरत्या बाजू पुलीच्या खाचेत घट्ट रुतण्यावर असते. रबर घासून गेले की बेल्ट खाचेत खाली बसतो, त्याचा तळ पुलीच्या उंचवट्याला टेकतो आणि ही पकड संपते. डोळ्यांना हा फरक नीट कळत नाही. त्यासाठी प्लास्टिकचा छोटा गेज मिळतो, तो खाचेत बसवून पाहावा. भेगा दिसल्याच, तर सात-आठ सेंटिमीटर लांबीत एकाच कंगोऱ्यावर तीन-चार भेगा म्हणजे बेल्ट बदलण्याची वेळ आली असे समजावे. कंगोऱ्याचा तुकडा निघालेला असेल, कडेचे धागे सुटलेले असतील किंवा पाठ काचेसारखी चकचकीत झाली असेल, तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

आपल्या कोल्हापूर भागात किलोमीटरच्या आकड्यावर मी फारसा विसंबत नाही. साधारण ६०,००० ते १,००,००० किलोमीटर असे आयुष्य सांगितले जाते. पण चाकाच्या आतले प्लास्टिकचे आवरण तुटलेले असेल, तर गगनबावड्याच्या बाजूची तांबडी माती पावसाळ्यात थेट खालच्या पुलीवर उडते आणि खाचांत साचलेली ती रेती बेल्टला कानशीप्रमाणे खाते. ज्या गाड्या पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यातून गेल्या आहेत, त्यांचा बेल्ट आणि पुल्या पाणी ओसरल्यावर लगेच पाहून घ्याव्यात.

आवाजावरूनही बरेच कळते. सकाळी इंजिन सुरू करताच किंवा एसी लावताच लांब किंकाळीसारखा आवाज येणे म्हणजे बेल्ट घसरतो आहे. तुटक, लयबद्ध चिवचिवाट येत असेल तर पुल्या एका रेषेत नसण्याची शक्यता अधिक. खात्री करायची असेल तर इंजिन आयडलवर ठेवून, सैल कपडे आणि हात दूर ठेवून, कंगोऱ्यांच्या बाजूवर बाटलीतून साध्या पाण्याचा फवारा मारावा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. आवाज थांबून थोड्या वेळाने परत आला तर पुली तिरकी आहे.

पाण्याशिवाय दुसरे काहीही बेल्टवर मारू नये. साबण, खडूची पूड, मेण, वंगणाचा स्प्रे, ‘बेल्ट ड्रेसिंग’ म्हणून विकला जाणारा चिकट फवारा, हे सर्व उपाय काही काळ आवाज दाबतात आणि खरा दोष तसाच ठेवतात. तेलकट पदार्थ तर रबर फुगवून मऊ करतात. आवाज हीच गाडीने दिलेली सूचना असते आणि ती दाबणाऱ्या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे.

नवा बेल्ट घेताना

बेल्टच्या पाठीवर ‘६पीके१२००’ अशा प्रकारचा क्रमांक छापलेला असतो. त्यातील ६ म्हणजे कंगोऱ्यांची संख्या, पीके म्हणजे कंगोऱ्यांचा आकार आणि १२०० म्हणजे मिलिमीटरमधील लांबी. ‘हा दहा मिलिमीटरने मोठा आहे, पण बसतो’ असे दुकानात सांगितले गेले तर तो बेल्ट घेऊ नये, कारण बेल्ट ताणून धरणाऱ्या स्प्रिंगच्या भागाची, म्हणजे टेन्शनरची मर्यादा ठरलेली असते. जुन्या बेल्टवरचा क्रमांकही गाडीच्या मॉडेलशी पडताळून घ्यावा. आधीच्या माणसाने चुकीचा बेल्ट बसवलेला असू शकतो.

काढण्याआधी

हँडब्रेक लावावा, गिअर न्यूट्रल ठेवावा, किल्ली काढून घ्यावी आणि बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडावे, कारण काही गाड्यांत रेडिएटरचा विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही फिरू लागतो. आडव्या इंजिनाच्या अनेक गाड्यांत चाक आणि त्याच्या आतले आवरण काढल्याशिवाय हात पोहोचत नाही. अशा वेळी गाडी फक्त जॅकवर सोडू नये, खाली स्टँड लावावा. बेल्टच्या मार्गाचे दोन-तीन बाजूंनी फोटो घ्यावेत आणि शिवाय कागदावर आकृतीही काढावी. बॉनेटखाली आकृतीचे स्टिकर असले तरी ते आपल्याच इंजिनाचे आणि एसी असलेल्या मॉडेलचे आहे का, हे पाहून घ्यावे.

टेन्शनरच्या हातावर (पुली असलेल्या हलत्या दांडीवर) पान्यासाठी षटकोनी किंवा चौकोनी जागा असते. त्या जागी लांब दांड्याचा पाना बसवून स्प्रिंगच्या विरुद्ध दिशेने सावकाश दाब द्यावा, बेल्ट सैल झाला की वरच्या पुलीवरून सरकवावा आणि टेन्शनरचा हात हळूहळू मागे येऊ द्यावा. टेन्शनर एकदम सोडला तर त्याचा आतला भाग दुखावतो आणि बोटेही. पाना फिरवल्यावर टेन्शनरचा हात हलण्याऐवजी पुलीचा बोल्टच सैल होऊ लागला, तर थांबावे. दिशा किंवा पान्याची जागा चुकली आहे.

बेल्ट निघाल्यावर प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहणे हे काम अनेकजण टाळतात. आयडलर (बेल्टला फक्त वळण देणारी पुली) आणि टेन्शनरची पुली खरखर न करता, न डगमगता फिरली पाहिजे. खरखर जाणवली तर तिचे बेअरिंग संपले आहे आणि नवा बेल्ट त्याच पुलीवर घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. अल्टरनेटरच्या पुलीत एकदिशा क्लच असेल, तर ती एका दिशेने मोकळी फिरते आणि दुसऱ्या दिशेने रोटरला (अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या भागाला) सोबत घेते. दोन्हीकडे अडकली किंवा दोन्हीकडे मोकळी फिरली तर ती बदलावी. वॉटर पंपाभोवती कूलंटचे वाळलेले डाग किंवा वरून ओघळलेले तेल दिसले, तर आधी गळती थांबवावी. पुलीच्या खाचांतील माती आणि जुने रबर नायलॉनच्या ब्रशने काढावे आणि ब्रेक क्लीनर लावलेल्या कापडाने पुसून कोरडे करावे.

बसवणे : सर्वांत अवघड टप्पा

बेल्ट काढणे कोणालाही जमते. बसवताना मात्र मला सुरुवातीच्या काळात याच टप्प्याने झुंजवले, आणि त्याबद्दल मिळणारा सल्ला बहुतेक वेळा ‘जसा काढला तसा बसवा’ एवढ्या एका वाक्यात आटोपतो. तो पुरेसा नाही. अरुंद जागेत दोनच हात असतात. एका बाजूने बेल्ट बसवावा तर दुसऱ्या बाजूने तो खालच्या पुलीवरून निसटतो, आणि जेथे निसटला ते वरून दिसत नाही.

पहिला नियम असा की कंगोऱ्यांची बाजू खाचा असलेल्या पुल्यांवर आणि बेल्टची गुळगुळीत पाठ गुळगुळीत पुल्यांवर येते. आकृतीप्रमाणे मांडल्यावर एखाद्या ठिकाणी याच्या उलट दिसले, तर मार्ग चुकला आहे. हे गांभीर्याने घ्यावे, कारण मार्ग चुकूनही बेल्ट कधी कधी बसतो आणि वॉटर पंप उलटा फिरू लागतो. इंजिन सुरू होते, सर्व काही ठीक वाटते आणि तापमानाचा काटा वर चढू लागतो.

दुसरा नियम क्रमाचा आहे. सुरुवात सर्वांत खालच्या, हात न पोहोचणाऱ्या क्रँक पुलीपासून करावी. तेथून एकेक पुली घेत वर यावे आणि शेवटची पुली अशी ठेवावी की जी वरून दिसते, जिथे हात सरळ पोहोचतो आणि जमल्यास जिच्यावर खाचा किंवा कडा नाहीत. गुळगुळीत आयडलर शेवटी असेल तर काम सोपे होते, कारण बेल्ट कडेवरून सरकवता येतो. खाचांच्या पुलीवर तो चढवताना कंगोऱ्यांच्या धारा कुरतडल्या जातात. वर चढताना डाव्या हाताने बेल्ट सतत हलका ताणून धरावा. ही पकड एक क्षण सुटली तर खालचा भाग निसटतो आणि पुन्हा सुरुवातीपासून करावे लागते. शक्य असेल तर टेन्शनरचा पाना धरायला दुसरा माणूस घ्यावा आणि त्याला एवढेच काम द्यावे. काही टेन्शनरमध्ये त्याचा हात मागे ओढून पिन घालण्याचे छिद्र असते, ते असेल तर अवश्य वापरावे. बेल्ट बसत नाही म्हणून स्क्रू ड्रायव्हरने तो पुलीवर ढकलण्याचा सल्ला मुळीच मानू नये. त्याने आतले ताणदोर तुटतात, बाहेरून काही दिसत नाही आणि काही आठवड्यांत बेल्ट एका बाजूने उसवतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बेल्ट पुलीवर बसला म्हणजे तो योग्य खाचेत बसला असे नाही. दोन कंगोऱ्यांतील अंतर केवळ ३.५६ मिलिमीटर असते. त्यामुळे बेल्ट एक खाच डावीकडे किंवा उजवीकडे बसला तरी वरून सरळच दिसतो. इंजिन सुरू होताच बाहेर राहिलेला कंगोरा कापला जातो आणि त्याच्या धाग्यांचा गुंता क्रँक पुलीमागे जातो. गुऱ्हाळातील चरख्याचा पट्टा पुल्या एका ओळीत नसल्या की काठाकडे सरकत जाऊन उतरतो; येथे खाचा पट्ट्याला उतरू देत नाहीत, म्हणून तो फाटतो. प्रत्येक खाचदार पुलीच्या दोन्ही कडांवर बोट फिरवावे आणि दोन्ही बाजूंना सारखीच जागा उरली आहे का ते पाहावे. खालच्या पुलीसाठी छोटा आरसा आणि टॉर्च लागतो. ‘वरच्या तीन पुल्या बरोबर आहेत, म्हणजे खालचीही असेल’ हा तर्क धरू नये. खालचीच चुकते.

त्यानंतर टेन्शनर हळूहळू सोडावा आणि त्याच्या हातावरील खूण दिलेल्या दोन रेषांच्या मध्ये आली का ते पाहावे. ती बाहेर असेल तर बेल्टची लांबी चुकीची आहे किंवा मार्ग चुकला आहे. मग क्रँकच्या बोल्टवर सॉकेट लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे आणि प्रत्येक पुली पुन्हा एकदा बोटाने तपासावी.

काही गाड्यांत स्वयंचलित टेन्शनर नसतो. तेथे अल्टरनेटरचे बोल्ट सैल करून समायोजन बोल्टने ताण द्यावा आणि सर्वांत लांब सरळ भागाच्या मध्यावर सुमारे १० किलोच्या दाबाने बेल्ट किती खाली जातो ते पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावे. आवाज येऊ नये म्हणून बेल्ट दगडासारखा ताणून ठेवण्याची पद्धत चुकीची आहे. त्याने अल्टरनेटर आणि वॉटर पंपाची बेअरिंगे लवकर जातात. टेन्शनर आणि समायोजन बोल्ट दोन्ही नसतील, तर तो ताणून बसवण्याचा लवचिक बेल्ट आहे. तो खास अवजाराशिवाय बसवू नये. अवजार नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातील जाणत्या कारागिराकडे गाडी नेण्यात काहीच कमीपणा नाही.

शेवटी अवजारे आणि कापड इंजिनावरून काढावे, बॅटरीचे टर्मिनल जोडावे, इंजिन दहा-पंधरा सेकंद चालवून बंद करावे आणि बेल्टच्या कडा पुन्हा पाहाव्यात. सर्व जागेवर असेल तर एसी लावून, दिवे लावून आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवून पाहावे. चाकाचे आवरण मात्र न विसरता परत लावावे आणि तुटलेले असेल तर नवे घ्यावे. हाताने ताण दिलेला बेल्ट काही शे किलोमीटरनंतर थोडा सैल होतो, म्हणून त्याचा ताण एकदा पुन्हा तपासावा. पुल्यांच्या कडेला काळी बारीक रबराची भुकटी साचलेली दिसली, तर एखादी पुली अजून तिरकी आहे, ती शोधून काढल्याशिवाय त्या गाडीने घाटाचा प्रवास करू नये.