समुद्रावर कॅमेरा नेताना दोन सोलापुरी टॉवेल

सोलापूरच्या कोरड्या हवेत वावरलेला कॅमेरा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर नेला, की खारे तुषार आणि वाळू दोन तासांत सगळीकडे शिरतात. महागडी बॅग घेऊनही हे टळत नाही. मला उपयोगी पडले ते घरचेच दोन टॉवेल.

१. एक टॉवेल बॅगेच्या तळाशी घडी करून ठेवा. सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरेपर्यंतचे धक्के तो झेलतो आणि किनाऱ्यावर बॅग त्याच्यावरच टेकवता येते.

२. दुसरा टॉवेल आणि गोड्या पाण्याची छोटी बाटली बाहेरच्या कप्प्यात ठेवा. काम संपलं की टॉवेलचं एक टोक ओलं करून, घट्ट पिळून, कॅमेऱ्याची बॉडी आणि ट्रायपॉड पुसा. मग कोरड्या टोकाने. नुसतं कोरडं पुसलं तर मीठ तिथेच पसरतं.

३. लेन्स मुक्कामावरच बसवून निघा. वाऱ्यात बदलायची वेळच येऊ देऊ नका.

४. ट्रायपॉडचा सर्वांत खालचा, बारीक भाग आधी पूर्ण उघडा. त्यामुळे त्याचं लॉक वाळू-पाण्याच्या वर राहतं. हे मला फार उशिरा कळलं, तोवर एका पायाचं लॉक वाळूने करकरायला लागलं होतं.

टॉवेल नवा असेल तर दोनदा धुऊनच न्या, आणि लेन्सच्या काचेला तो अजिबात लावू नका. काचेवरची वाळू आधी ब्लोअरने (हाताने दाबून हवा सोडायच्या रबरी फुग्याने) उडवा, मगच मायक्रोफायबर कापड.