मूळ गाव शोधताय? मोगलाईतल्या कागदांत या चुका टाळा

आमच्या घरात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, "आपण मूळचे तुळजापूरचे, दुष्काळात इकडं आलो." धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात, म्हणजे मोगलाईत (निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या जुन्या मुलखात) आमचं गाव, तिथं आमची चारच घरं, बाकी सगळा गाव एका आडनावाचा, म्हणजे आम्ही बाहेरून आलो हे उघड आहे. पण कुठून? आजोबा गेल्यावर मी शोधायला लागलो आणि पहिली दोन वर्षं तुळजापूर तालुक्यातच घालवली, तहसीलला चकरा, आपल्या आडनावाची घरं विचारत गावोगाव फिरणं, आणि हाती काहीच नाही. कारण तुळजाभवानी आमची कुलस्वामिनी आहे, तुळजापूर आमचं गाव नाही. आजी नवरात्रात म्हणायची "आपल्या ठिकाणाला जाऊन येऊ", आणि पुढच्यांनी ते ठिकाण म्हणजेच मूळ गाव धरलं. कुलदैवत आणि मूळ गाव एक समजणं ही सगळ्यात जास्त घरांत होणारी चूक आहे, म्हणून पहिली तीच सांगितली.

२०२३ पासून कुणबी नोंदींसाठी लोकं जुन्या रेकॉर्डमधी शिरलेत, आणि त्यामुळं बरंच दप्तर स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या वेबसाईटवर आलंय, हे चांगलंच झालं. पण दाखल्यासाठी नोंद शोधणं वेगळं आणि मूळ गाव शोधणं वेगळं. दाखल्याला रक्तनात्यातली एक पक्की नोंद आणि तिथपर्यंतची वंशावळ लागते, काम तिथं थांबतं. मूळ गावाला मात्र त्याच्याही मागं जावं लागतं, आणि माणूस जिथून इकडं आला ते राज्यच वेगळं असलं तर कागदाची भाषा, लिपी, सन आणि ऑफिस, सगळंच बदलून जातं.

वरून खाली येऊ नका

व्हॉट्सॲपवर आडनावांच्या वंशावळीचे पीडीएफ फिरतात, त्यात आपलं आडनाव एखाद्या सरदार घराण्याखाली दिसलं की माणूस तिथून खाली स्वतःपर्यंत यायला बघतो. मधल्या पाच-सहा पिढ्या कोऱ्या राहतात आणि मग त्या अंदाजानं भरल्या जातात. एकदा अंदाजाचं नाव वंशावळीत बसलं की पुढच्या वेळी तेच खरं वाटायला लागतं, हे मी स्वतः केलंय आणि खोडायला फार जड गेलं. स्वतःपासून वर जा, एकेक पिढी, आणि प्रत्येक नावाखाली ते कुठल्या कागदात सापडलं ते लिहा. ज्याला कागद नाही त्याच्यापुढं "ऐकीव" असं लिहा, ऐकीव टाकून देऊ नका पण पक्क्यात मिसळू पण नका.

आडनावाचंही तसंच. शेवटी "कर" आहे म्हणजे ते गाव आपलं मूळ, असं धरून चालू नका. समजा आडनाव बोरगावकर, आता बोरगाव नावाची गावं आपल्या आजूबाजूच्या प्रत्येक जिल्ह्यात निघतील. आणि नव्या गावानं माणसाला नाव दिलं असेल तर ते त्याच्या आधीच्या मुक्कामावरून दिलेलं असतंय, साताऱ्याकडचा माणूस वीस वर्षं बार्शीत राहून मग इकडं आला तर गाव त्याला बार्शीकरच म्हणणार. त्याच्या मागचं आडनावात दिसत नाही.

जन्मस्थळाच्या रकान्यात बहुतेक आजोळ असतं

शाळेचं दाखल खारीज रजिस्टर हा आपला सगळ्यात हाताशी असणारा कागद. त्यात जन्मस्थळ म्हणून वेगळंच गाव दिसलं की आपण उडी मारतो, सापडलं मूळ गाव! थांबा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, त्यामुळं थोरल्या लेकराचं जन्मगाव हे बहुतेक आईचं माहेर असतं. मी माझ्या आजोबांच्या नोंदीवरून असंच परांडा तालुक्यातल्या एका गावाला जाऊन आलो, तिथल्या म्हाताऱ्या माणसानं चहा पाजून सांगितलं, तुझी पणजी इथली, तुमचा इथं गुंठा पण नव्हता. धाकट्या भावंडांच्या नोंदी आधी काढा, तिघांचं जन्मगाव एक आणि थोरल्याचंच वेगळं असलं तर ते आजोळ. आणि जन्मतारीख १ जून दिसली तर तिच्यावर काही बांधू नका, शाळेत नाव घालताना वय बसावं म्हणून गुरुजींनी टाकलेली ती तारीख असते.

पण ही चकर वाया गेली नाही, ते पुढं सांगतो.

आजचा जिल्हा सांगून जुनी नोंद मागू नका

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण मराठवाड्यातले लोक निजामाच्या राजवटीत होतो, त्यानंतर भारतातल्या हैदराबाद राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, किनवट आदिलाबादमधी होतं, अंबाजोगाईचं नाव कागदात मोमिनाबाद आहे, आणि आजच्या धाराशिव जिल्ह्याचं ठाणं १९०४ पर्यंत नळदुर्गला होतं. लातूरच्या माणसानं १९३० च्या नोंदीसाठी "जिल्हा लातूर" लिहून अर्ज दिला तर उत्तर "आढळून येत नाही" असंच येणार, कारण त्या साली तो जिल्हाच नव्हता. अर्जात गाव, तेव्हाचा तालुका, तेव्हाचा जिल्हा आणि सर्वे नंबर लिहा. आज गट नंबर असतो, जुना सर्वे नंबर काढायला भूमी अभिलेखमधून एकत्रीकरणाचा उतारा आधी घ्या.

आता याहून मोठी गोष्ट सरहद्दीची. बार्शी, करमाळा, जामखेड ही इंग्रजांची हद्द होती आणि इकडं कळंब, भूम, परांडा ही मोगलाई. चालत गेलं तर दीड-दोन दिवसांचा रस्ता, सोयरिकी सगळ्या आरपार, पण कागदाच्या दृष्टीनं हे दोन देश. इकडं दरबारची भाषा आधी फारसी आणि १८८४ पासून उर्दू, तिकडं मोडी आणि मराठी. तुमचा माणूस सरहद्द ओलांडून आला असला तर त्याच्या आधीचं हैदराबादच्या दप्तरात कितीही शोधलं तरी निघणार नाही, त्या गावच्या तालुक्याला जावं लागतं, तिथलं कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४ जन्म-मृत्यूसाठी बघावं लागतं, आणि पेशवाईपर्यंत मागं जायचं असलं तर पुण्याचं पेशवे दप्तर. मोगलाईतलं जुनं मात्र छत्रपती संभाजीनगरचं पुराभिलेख कार्यालय आणि हैदराबादला तारनाक्याचं तेलंगणा राज्य अभिलेखागार.

उलटं पण होतं. हिंगोली, जालना, मोमिनाबादला हैदराबाद कंटिंजंटच्या (निजामाच्या खर्चानं इंग्रज अधिकाऱ्यांखाली चालणाऱ्या फौजेच्या) छावण्या होत्या, त्या फौजेबरोबर उत्तरेकडून आलेली घरं अजून तिथं नांदतात. त्यांनी महसुली दप्तरात वेळ घालवू नये, त्यांचा धागा फौजेच्या कागदात आहे आणि इंग्रज सरकारचे तसले कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समधी आहेत.

सन बघा, मगच साल काढा

इथं चूक झाली की बाप लेकाहून लहान निघतो. निजामाच्या कागदात फसली (महसुली सन) पण असतो आणि हिजरी (मुसलमानी सन) पण. १३२० फसली म्हणजे ऑक्टोबर १९१० पासून पुढचं वर्ष, आणि १३२० हिजरी सुरू होतो एप्रिल १९०२ ला, आठ वर्षांचा फरक. महिना बघितला की कळतं, आजूर, दै, बहमन, खुरदाद, तीर, मेहेर, आबान असले महिने असतील तर फसली, मोहरम, सफर, रमजान असतील तर हिजरी. निजामाचा फसली ऑक्टोबरात सुरू व्हायचा, म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरची तारीख असली तर ५९० मिळवा, जानेवारीच्या पुढं ५९१. आपलं ते नेहमीचं १९५४-५५ चं खासरा पत्रक (जमिनीच्या नोंदीचा कागद) म्हणजे १३६४ फसली, हा ताळा डोक्यात ठेवा. सरहद्दीपलीकडच्या मोडी कागदात शके असला तर ७८ मिळवा (जानेवारी ते पाडव्यापर्यंतची तारीख असली तर ७९), आणि सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतला अरबी सन) असला तर ५९९ किंवा ६००.

घरातल्या दुष्काळाचं पण असंच. "छप्पनच्या दुष्काळात आलो" असं म्हातारी माणसं सांगतात ते विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. माझ्या ओळखीच्या एकानं १८५६ धरून सगळी वंशावळ दोन पिढ्या मागं ओढली होती. आणि आमच्या घरी तर १८७६-७८ चा मोठा दुष्काळ आणि छप्पनचा, दोन्ही एकाच गोष्टीत मिसळले होते.

शब्द अडले तर अंदाज बांधू नका

माझी सगळ्यात मोठी चूक इथं झाली. पणजोबांच्या नावाचा विरासतीचा (वारसाचा) उर्दू कागद नकलेत मिळाला, एकानं मला तो घाईत मराठीत उतरून दिला, त्यात नावापुढं "मुतबा" असं काहीतरी होतं, मी ते दुसरं नाव समजलो, आपल्याकडं म्हादबा, केरबा असतातच की. वर्षभर मी मुतबा नावाचा माणूस शोधत होतो. शेवटी गावातल्या एका रिटायर उर्दूच्या सरांकडं मूळ नक्कल घेऊन गेलो. त्यांनी ती खिडकीपाशी नेली, भिंग लावलं, बोटानं ओळ धरून दोनदा वाचली आणि म्हणाले, "बेटा, हे नाव नाही. मुतबन्ना म्हणजे दत्तक."

मी तिथंच बसून राहिलो. पणजोबा या घरात दत्तक आले होते आणि घरात कुणालाच माहिती नव्हतं, म्हणजे आडनाव एका घरचं आणि रक्त दुसऱ्या घरचं. त्या दिवसापासून मी दोन वेगळ्या वह्या केल्या, एक नावाच्या वंशाची, एक रक्ताच्या, आणि दोन्ही तेवढ्याच आपल्या आहेत असं मी मानतो. तुमच्याकडं पण एखाद्या पिढीला एकच मुलगा आणि त्याच्या आजोळची माणसं हक्काच्या कागदात सारखी दिसत असतील तर दत्तकाची शंका घ्या.

काही शब्द पाठच करून ठेवा. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, जौजा म्हणजे बायको, बेवा म्हणजे विधवा, साकिन म्हणजे राहणार. साकिन एक गाव आणि हाल मुक्काम दुसरं गाव, असं दिसलं तर त्या ओळीवर दिवस घालवा, तुमचा माणूस बाहेरचा आहे हे सरकार स्वतः सांगतंय. आणि फसवा शब्द म्हणजे कोम. उर्दू कागदात कौम म्हणजे जात, पण मोडी मराठीत "सखू कोम राघू" म्हणजे राघूची बायको सखू. गावांच्या नावात तर उर्दूत नुकते गळाले की ब, प, त, न सगळे सारखेच दिसतात, पानगाव पण बानगाव वाचलं जातं, म्हणून आसपासच्या गावांची यादी समोर ठेवूनच नाव पक्कं करा.

"रझाकारात सगळं जळालं" हे ऐकून घरी येऊ नका

काही ठिकाणी खरंच जळालंय, पण हे वाक्य न जळालेल्या दप्तरासाठी पण वापरलं जातं. मला एका ऑफिसात तीनदा असंच सांगितलं आणि चौथ्यांदा मी लेखी अर्ज दिला की या गावची कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंतची रजिस्टरं आहेत तेवढं कळवा, तेव्हा लाल फडक्यातला बस्ता निघाला. तहसीलला नाही म्हणाले तर भूमी अभिलेख, ते नाही तर जिल्ह्याची रेकॉर्ड रूम, आणि पटवाऱ्यांच्या जुन्या घरांतली माळवदावरची पेटी विसरू नका. खासरा, सेतवार (सर्वे नंबरवार जमिनीची नोंद), १९५१ ची कुळ नोंदवही, इनाम असेल तर मुंतखब (इनामाच्या मंजुरीचा कागद), हे नावानिशी मागा. नुसतं "जुनं रेकॉर्ड द्या" म्हटलं की मिळत नाही.

बायका आणि भाऊबंद सोडून दिले की मूळ गाव सापडत नाही

आपण बाप, आजा, पणजा अशी सरळ रेघ धरतो आणि आत्या, बहिणी, चुलते सोडतो. बाहेरून आलेला माणूस एकटा येत नाही, आणि लेकी देताना तो मागच्या मुलखातच सोयरीक बघतो. परांड्याची जी चकर मी वाया गेली समजत होतो, तिथंच त्या म्हाताऱ्या माणसानं सांगितलं होतं की तुमच्या पणज्याची बहीण वैरागकडं दिली होती. वैराग म्हणजे बार्शी तालुका, इंग्रजांची हद्द.

मग मी घरी दोन प्रश्न विचारले, जे पहिल्याच दिवशी विचारायला पाहिजे होते. सुतक कुणाकुणाचं धरतो? आणि लग्नात पहिली अक्षत कुणाला? चुलती म्हणाली, तुळजाभवानीला, मग भैरोबाला. आमच्या गावात भैरोबा नाही. कधीच नव्हता. ती अक्षत आम्ही दर लग्नात एका न बघितलेल्या देवाच्या नावानं बाजूला ठेवत होतो आणि कुणी विचारलंच नाही तो कुठला.

वैरागच्या बाजूचं भैरोबाचं गाव आणि आमचं आडनाव, एवढं घेऊन मी परत तुळजापूरला गेलो, यावेळी तहसीलला नाही तर आमच्या पुजाऱ्यांकडं. त्यांच्या घरी यजमानांच्या वह्या आहेत, आणि त्या गावावार बघितल्या जातात, म्हणून आधी नुसतं आडनाव आणि कळंब सांगितलं तेव्हा आमच्या अलीकडच्या दोन पिढ्या सोडून काही निघालं नव्हतं. जुन्या गावाच्या नावाखाली पान निघालं. चार भाऊ, त्यांच्या बापाचं नाव, आणि तिसऱ्या भावापुढं "हल्ली मोगलाईत" एवढंच. नाशिक, त्र्यंबक, गया, हरिद्वारच्या वह्यांना पण हेच लागू आहे, आजचं गाव सांगून जाल तर आजचंच मिळेल.

पुजाऱ्यांनी वही उलटी करून नवीन पान काढलं आणि म्हणाले, आता तुमचं लिहा. मी दोन्ही गावं लिहिली, जुना जिल्हा आणि नवा जिल्हा, पणजोबांपुढं दत्तक, आणि माझ्या दोन्ही लेकींची नावं, आईच्या आणि बायकोच्या माहेराच्या गावासकट.